ओळ आठशे सतरा

मासेरूच्या बँकेनं टाकून दिलेले सोळा संगणक
ट्रकच्या मागे ब्लँकेटांत गुंडाळून मोखोत्लोंगला आले.
अकरा चालू झाले.
शहरातल्या शाळा गणिताचं जे सॉफ्टवेअर वापरतात
त्याचा वर्षाचा परवाना माझ्या चार पगारांएवढा,
म्हणून मी फुकटचं शोधलं.
फुकटचं चांगलं निघालं. आलेख काढायचं,
बिंदू ओढला की वर्तुळ मागून यायचं
मेंढरासारखं.

फक्त बोलायचं इंग्रजीत.

मोत्लात्सी सतरा वर्षांचा, आठवीत.
नऊ वर्षं डोंगरावर दुसऱ्याची गुरं राखून
मग शाळेत आला, बाकाखाली पाय मावत नाहीत.
त्यानं पहिलं समीकरण एका बोटानं टाइप केलं,
एक कंस मिटायचा राहिला,
आणि पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं: इन्व्हॅलिड.
तो उठला. ब्लँकेट खांद्यावर घेतलं. गेला.

तीन दिवसांनी त्याच्या घरी गेले तेव्हा कळलं,
इंग्रजीतला तो एक शब्द त्याला पक्का येत होता.
वेल्कमच्या सोन्याच्या खाणीनं
त्याच्या बापाला घरी पाठवलं, तेव्हा
हातात दिलेल्या कागदावर तोच होता,
बापाच्या नावापुढे, शिक्क्याखाली.
निकामी.
"यंत्राला कसं कळलं, मॅडम,
मी कोणाचा मुलगा ते?"

मी काय सांगणार? पुढ्यातला चहा प्याले.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पत्र धाडलं.
उत्तर आलं चार ओळींचं, सोबत एक फाइल:
दोन हजार एकशे चाळीस ओळी,
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामं.
तुमच्या भाषेत भरा, म्हणाले, आम्ही जोडून देऊ.

तो हिवाळा मी त्या रिकाम्या रकान्यात काढला.
बाहेर बर्फ, आत रॉकेलचा स्टोव्ह, बोटं बधिर.
'चढ' सोपा गेला, उलट शब्द जास्तच निघाले:
घोडं चढेल असा, फक्त शेळी चढेल असा,
जिथून गाढव एकदा पडलं होतं तो.
'अनंत'साठी पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, देव.
दुकानदार म्हणाला, उधारी.
दोन्ही खोडून मी तिसराच लिहिला, अजून पटलेला नाही.
'चल' कशाला म्हणायचं यावर शिक्षकखोलीत भांडण झालं
आणि विज्ञानाचे सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

ओळ आठशे सतरा मात्र टाळत राहिले.
शब्दकोशातला शब्द कोर्टातला होता,
दुसरा दवाखान्यातला.
शेवटी मोत्लात्सीलाच विचारलं:
संध्याकाळी गुरं मोजताना एक कमी भरलं
तर थोरला गुराखी काय म्हणतो रे?
"आधी शिव्या देतो."
आणि मग?
"मग म्हणतो, लेसाकाचं फाटक उघडं राहिलंय, बघ."

लेसाका म्हणजे दगड रचून केलेलं गुरांचं वाडगं,
गोल, दोन कंस समोरासमोर ठेवावेत तसं.

मी तेच लिहिलं. शिव्या वगळून.

सप्टेंबरात, पीच फुलली तेव्हा, नवी आवृत्ती आली.
एका दुपारी खिडकीशी खोकला ऐकू आला.
सेआबाता, मोत्लात्सीचा बाप, काठी टेकत उभा,
आत यायला तयार नव्हता, बुटांना चिखल आहे म्हणे.
मुलानं त्याला ओढून खुर्चीवर बसवलं,
समीकरण टाइप केलं, आता दोन्ही हातांनी,
आणि शेवटचा कंस मुद्दाम गाळला.

बापानं अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचलं:
फाटक उघडं राहिलंय. बघ.
तो हसला की खोकला, मला सांगता येणार नाही,
जे काही होतं ते बराच वेळ चाललं.
मग डोळे पुसून म्हणाला, कुठली कळ?

मुलानं दाखवली.
जनरेटरमध्ये अजून पाऊण तासाचं डिझेल होतं.